डिझेलच्या इनटेक मॅनिफोल्डमधला कार्बन : काढायचा कसा आणि येतो कुठून

तेलकट_हात

डिझेल गाडीचं पिकअप एका दिवसात जात नाही. ते इतकं हळूहळू उतरतं की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पूर्वी ज्या चढावर चौथा गियर पुरायचा तिथे तिसरा टाकावा लागतो, टर्बो उशिरा उचलते, मागे काळा धूर दिसायला लागतो, ॲव्हरेज घसरतं. मग इंजेक्टर तपासून होतात, फिल्टर बदलून होतात, कधीकधी चांगली टर्बोसुद्धा उतरवली जाते. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरना हवा वाटून देणारा पाइपांचा जोड, मात्र कुणी उघडून बघत नाही. 'इंजिन संपलं' असा शिक्का बसलेली कितीतरी इंजिनं आतून धडधाकट असतात, त्यांचा श्वास तेवढा कोंडलेला असतो. अशी इंजिनं भंगाराच्या भावात जाताना बघवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आत नेमकं काय साचतं ते बघू. साचणारा माल दोन वाटांनी येतो. पहिली वाट ईजीआरची. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला काही भाग परत इनटेकमध्ये सोडतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त असते, त्यामुळे ज्वलनाचं सर्वोच्च तापमान खाली येतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण याच धुराबरोबर काजळी येते. दुसरी वाट ब्रीदरची. पिस्टन रिंगांतून खाली निसटलेला वायू क्रँककेसमधून बाहेर पडताना ऑइलचं धुकं घेऊन निघतो आणि ही वाट टर्बोच्या आधी इनटेकला जोडलेली असते. नुसती काजळी असती तर बरीचशी उडून पुढे गेली असती. नुसतं ऑइल असतं तर पाइप थोडा ओला दिसला असता, बस. ही दोन्ही एकत्र आली की डांबर तयार होतं.

त्यात ईजीआर कूलर. थंड केलेला धूर प्रदूषणाच्या दृष्टीने चांगला, पण थंड झाल्यावर त्यातले न जळलेले जड हायड्रोकार्बन भिंतीवर घट्ट बसतात. शिवाय काजळीचे बारीक कण गरम वायूतून थंड पृष्ठभागाकडे ओढले जातात, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. म्हणून धूर जिथे थंड हवेला मिळतो, म्हणजे थ्रॉटल फ्लॅपच्या मागे आणि मॅनिफोल्डच्या तोंडाशी, तिथे थर सगळ्यात जाड असतो.

थर किती नडतो याचा हिशोब करून बघा. ५० मिमी व्यासाच्या नळीत सगळीकडून ८ मिमी थर बसला तर उरतात ३४ मिमी. ऐकायला फार वाटत नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं, म्हणजे उरलेली वाट मूळच्या ४६ टक्केच. अर्ध्याहून जास्त रस्ता बंद. २ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला, टर्बोचा दाब धरला नाही तरी, मिनिटाला सुमारे २००० लिटर हवा मागतं. ती या उरलेल्या भोकातून यायची.

आणि एक महत्त्वाचं, जे फार कमी बोललं जातं. थर सगळ्या सिलिंडरच्या वाटांत सारखा बसत नाही. ईजीआरच्या तोंडाजवळच्या वाटा जास्त भरतात. मग एका सिलिंडरला हवा कमी आणि धूर जास्त, दुसऱ्याला उलटं. डिझेल मात्र सगळ्यांना जवळपास सारखं. जिथे हवा कमी तिथून काळा धूर, तो पुन्हा ईजीआरमधून परत. एकदा हे चक्र सुरू झालं की थर वाढण्याचा वेगही वाढतो.

माझं मत स्पष्ट आहे. जाड थर काढायचा तर मॅनिफोल्ड उतरवूनच. आणि ऑइल कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नुसती सफाई म्हणजे अर्धं काम. उतरवण्याची पद्धत खाली लिहितो, आधी प्रश्न येऊ देत.


नवा_चालक

छान समजावलंत दादा. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. डिझेलच्या टाकीत ओतायचं क्लीनर मिळतं, त्याने हा कार्बन जात नाही का? बाटलीवर 'संपूर्ण इंजिन साफ' असं लिहिलेलं असतं. आणि इनटेकमध्ये हायड्रोजन वायू सोडून कार्बन काढतात, त्याचं काय?


तेलकट_हात

टाकीतलं क्लीनर इनटेक मॅनिफोल्डला शिवतसुद्धा नाही. आजच्या डिझेलमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेकमधून फक्त हवा आणि ईजीआरचा धूर जातो. चांगलं क्लीनर इंजेक्टरच्या टोकाला उपयोगी पडू शकेल, तिथे त्याचं काम आहे. मॅनिफोल्डसाठी ते वापरणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

हायड्रोजनचं गणित तापमानावर घालून बघा. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि ते मिळवण्यासाठी गाडी मुद्दाम जास्तीचं डिझेल फवारते. इनटेक मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी खाली असतो, इंटरकूलरमधून आलेली गार हवाच तर तिथून जाते. त्यात थोडा हायड्रोजन मिसळला तर तो सिलिंडरमध्ये जाऊन जळेल, वाटेतल्या डांबराला तो काहीच करणार नाही. पैसे राखून ठेवा.


वर्कशॉपवाली

धागा चांगला आहे, त्यात निदानाची भर घालते. कारण मॅनिफोल्ड उतरवणं हे छोटं काम नाही आणि संशयावरून उतरवायचं नसतं.

पहिलं, स्कॅनर लावा आणि हवेचं माप बघा. बऱ्याच गाड्यांत ते मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक असं दिसतं. ५०० सीसीचा एक सिलिंडर धरला तर साध्या दाबाला त्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम हवा मावते, कारण १ लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही, म्हणून आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ईजीआर बंद असताना ४५० ते ५५० दिसलं तर ठीक. ईजीआर उघडली की आकडा २५०-३०० च्या घरात उतरतो. स्कॅनरवरून झडप बंद करायला सांगूनही आकडा खालीच राहिला, तर झडप पूर्ण बसत नाहीये, कार्बनने अडली आहे. उंचावरच्या प्रदेशात हवा विरळ, तिथे सगळेच आकडे कमी धरा.

दुसरं, आयडलवर मॅनिफोल्डचा अडथळा कळत नाही कारण हवाच कमी लागते. कुणाला तरी शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन नोंद घ्या. कंट्रोल युनिटने मागितलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट जुळतोय, पण हवेचं माप कमी आहे, असं दिसलं तर अडथळा बूस्ट सेन्सरच्या पुढे आहे. बूस्टच मिळत नसेल तर आधी होज, इंटरकूलर आणि टर्बोची पाती बघा. हवामापक सेन्सर स्वतः खोटं बोलत नाही ना, हेही तपासा, कारण तो बिघडला तरी चित्र असंच दिसतं.

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडचं म्हणाल तर पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०२९९ म्हणजे बूस्ट अपुरा. यातला एकही कोड 'मॅनिफोल्ड तुंबला' असं सांगत नाही. कोडवरून फक्त दिशा कळते.

तिसरं सगळ्यात सोपं. थ्रॉटल बॉडी किंवा ईजीआरचा पाइप बहुधा तीन-चार बोल्टांवर सुटतो. तो काढा, टॉर्च मारा, शक्य असेल तर बोरस्कोप आत घाला. डोळ्यांनी दिसल्यावर वाद उरत नाही.


तेलकट_हात

ताई, हे मूळ लेखातच असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. फक्त एक जोडतो: बूस्टचा मॅप सेन्सर आधी काढून बघा. त्याचं इवलंसं भोक काजळीने बुजलं की तो उशिरा आणि चुकीचा दाब सांगतो. मऊ ब्रश आणि इलेक्ट्रिकल सेन्सरसाठीचा स्प्रे, एवढ्यात तो साफ होतो. काही गाड्यांचा आजार तिथेच बरा होतो आणि पुढचं काहीच करावं लागत नाही. टोकदार तार मात्र त्या भोकात घालू नका, आतला पडदा फाटतो.


चढणीचा_गडी

माझा थोडा वेगळा अनुभव. ईजीआर क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो इनटेकमध्ये मारून गाडी रेस केली, काळा धूर निघाला आणि गाडी हलकी वाटायला लागली. एवढं सगळं खोलण्यापेक्षा हे बरं नाही का? मॅनिफोल्ड उतरवला आणि कुठला पाइप नीट बसला नाही तर नवीन दुखणं मागे लागतं.


तेलकट_हात

तुमची भीती खरी आहे, उतरवताना चुका होतात. पण स्प्रेचा धोका वेगळ्या जातीचा आहे.

पेट्रोल इंजिनात हवा कोंडली की इंजिन बसतं. डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या मापावर ठरते आणि ते माप इंजेक्टर देतो. इनटेकमधून कुठलंही जळणारं द्रव आत गेलं, मग तो स्प्रे असो किंवा इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल, तर ते मापाबाहेरचं इंधन झालं. इंजिन आपोआप रेस धरतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त इंजेक्टर बंद करते. अशा वेळी हवेची वाट बंद करणं किंवा मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून वरच्या गियरमध्ये क्लच सोडून इंजिन पाडणं, एवढंच हातात राहतं. हवा बंद करायला उघड्या तोंडावर हात धरू नये, ओढ भयंकर असते.

दुसरा धोका पाण्यासारख्या द्रवाचा. द्रव दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वर उरलेल्या चिमूटभर जागेपेक्षा जास्त द्रव गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरा, जो तुम्हाला दिसणार नाही: द्रवाने थर सैल होतो आणि एखादं ढेकूळ सुटून झडपेत अडकतं. झडप बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. आणि जे पुढे निघतं ते टर्बोच्या टर्बाइनवर आणि डीपीएफमध्ये जातं.

थर पातळ असेल, डिझेलसाठीच बनवलेला स्प्रे असेल, टर्बोच्या आणि हवामापकाच्या पुढून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे मारला असेल, तर ईजीआरची झडप मोकळी व्हायला मदत होते, हे मान्य. तुमची गाडी हलकी वाटली ती बहुधा त्यामुळेच. पण सेंटिमीटरभर डांबर स्प्रेने जात नाही, आणि गेलं तर ते कुठे गेलं याची काळजी करावी लागते.


चढणीचा_गडी

चावी बंद करूनही थांबत नाही हे माहीत नव्हतं. पटलं. आता उतरवायची पद्धत लिहाच.


तेलकट_हात

लिहितो. प्रत्येक इंजिनाची रचना वेगळी, म्हणून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शेजारी हवंच. मी फक्त तिथे नसलेल्या किंवा नजरेआड होणाऱ्या गोष्टींवर भर देतो.

इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. कूलंटला हात लावायचा असेल तर तो काढून स्वच्छ भांड्यात. प्रत्येक कनेक्टर आणि व्हॅक्यूमची नळी काढण्याआधी फोटो आणि टेपवर खूण, कारण व्हॅक्यूमच्या दोन सारख्या नळ्या उलट बसल्या तर टर्बोचा कंट्रोल गोंधळतो आणि आठवडाभर शोधत बसावं लागतं.

कॉमन रेलचे (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी) पाइप आड येत असतील तर थांबून विचार करा. रेलमधला दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. चालू इंजिनावर तो पाइप सैल करायचा नाही, म्हणजे नाहीच. बारीक धार कातडी भेदून आत जाते. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्यायचा. काही कंपन्या हे पाइप एकदा काढले की नवेच लावायला सांगतात, तसं असेल तर तसंच करा. उघडी तोंडं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद. इंजेक्टरमध्ये धुळीचा कणसुद्धा चालत नाही.

मॅनिफोल्डचे बोल्ट सैल करताना बाहेरून आतल्या बाजूला, आवळताना मधून बाहेर. मॅनिफोल्ड हलवण्याआधी आजूबाजूची माती फुंकून काढा. आणि तो सुटल्या क्षणी हेडमधली भोकं बंद करा. कापडाचे बोळे कोंबू नयेत, एखादा आत विसरतो. वरून रुंद टेप किंवा कापलेली जाड प्लॅस्टिकची पट्टी चांगली. वॉशर आत पडला आणि तो ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबकानेही येत नाही, मग हेड काढण्यापर्यंत प्रकरण जातं.

सफाईच्या वेळी सुका कार्बन खरवडू नका. आधी ओला करा. हातात नायट्राइल मोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. त्याच धुराचा हा गाळ. उघड्या हाताने चोळणाऱ्यांना बघून वाईट वाटतं, विशेषतः शिकायला आलेल्या पोरांना.

जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उपसून काढा, अर्धं वजन तिथेच जातं. मग डिझेलमध्ये किंवा पाण्यात मिसळणाऱ्या डिग्रीझरमध्ये रात्रभर भिजत ठेवा. सकाळी लांब दांड्याचे गोल ब्रश आणि गरम पाणी. मग प्रेशर वॉश. पुन्हा भिजवा. वाकड्या वाटांत आतला भाग ब्रशला सापडत नाही, तिथे पाण्याचा जोरच काम करतो. सोय असेल तर अल्ट्रासॉनिक टाकी उत्तम. शेवटी हवा मारून पूर्ण कोरडा करा आणि पांढरं कापड आतून फिरवा. कापडावर चकाकणारे कण दिसले तर काम संपलेलं नाही.

काळं पाणी गटारात किंवा मातीत सोडू नका. जुन्या ऑइलबरोबर साठवा आणि त्याच वाटेने द्या.


रसायनाचा_नाद

एक कळकळीची सूचना. कार्बन पटकन सुटतो म्हणून कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक कधीच नको. कॉस्टिक आधी ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर काढतो, मग धातूच खायला लागतो, आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत, जवळ ठिणगी असेल तर तो पेट घेतो. द्रावण स्वतःच तापत जातं, त्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते. बाहेर काढाल तेव्हा गॅस्किट बसायचा सपाट भाग खडबडीत झालेला असेल आणि तो पुन्हा कधी हवाबंद बसणार नाही. ओव्हन साफ करायच्या बऱ्याच फवाऱ्यांत हेच रसायन असतं, डब्यावर वाचून घ्या.

डिग्रीझर घेताना 'ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित' असं लिहिलेलाच घ्या.

आणि बर्नरने जाळून काढणाऱ्यांना सांगतो, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ होऊन वाकतात. ओतीव लोखंडाच्या जुन्या मॅनिफोल्डचं वेगळं.


नवा_चालक

माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड काळ्या प्लॅस्टिकचा वाटतो. तो कसा साफ करायचा?


वर्कशॉपवाली

तो काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचा असतो. तीव्र सॉल्व्हेंटमध्ये बुडवायचा नाही, आच लावायची नाही, तारेचा ब्रश नाही. सौम्य डिग्रीझर, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश आणि सबुरी. वेल्डिंगचे सांधे तपासा, चिरा पडलेल्या असतात.

तुमच्यात स्वर्ल फ्लॅप असतील, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन वाटांपैकी एकीत बारीक झडप. कमी वेगाला ती बंद होऊन हवेला गिरकी देते. कार्बनने ती जड होते, मोटर जोर लावते, दांडीची भोकं झिजतात. साफ झाल्यावर प्रत्येक फ्लॅप बोटाने हलवून बघा. ढिला लागला, डुगडुगला, तर तो मॅनिफोल्ड परत बसवू नका. तुटलेला फ्लॅप सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टन व झडपा घेऊन जातो. फ्लॅपची मोटर, व्हॅक्यूमचा डबा, पोझिशन सेन्सर हे सगळं धुण्याआधी काढून ठेवायचं. ईजीआर झडपेचं तसंच: झडपेची बाजू भिजवा, मोटरची बाजू कोरडी ठेवा, आणि दांडी जोराने ढकलू नका, आतले दाते प्लॅस्टिकचे असतात.


जुना_मेस्त्री

हेडमधल्या वाटांचं कुणी बोललं नाही. मॅनिफोल्ड चकचकीत करून बसवतात आणि हेडच्या तोंडात तेवढाच थर तसाच सोडतात. मग फरक पडत नाही म्हणून ओरड.

तिथे एका वेळी एकच सिलिंडर घ्यायचा. पुलीचा बोल्ट हाताने फिरवून त्या सिलिंडरच्या इनटेक झडपा पूर्ण बंद करायच्या. थोडा द्राव टाकून थांबायचं, तो खाली गळून नाहीसा झाला तर झडप बंद नाही किंवा नीट बसत नाही, पुढे जाऊ नका. मऊ पट्टीने ढिलं करायचं आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. पुढच्या सिलिंडरला जाण्याआधी आधीचा कोरडा आणि बंद. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेने मारायचं यंत्र असेल तर काम फार स्वच्छ होतं. चुरा धातूला ओरखडा काढत नाही आणि एखादा कण आत गेलाच तर जळून जातो.

वाळू किंवा काचेचे मणी मात्र नकोत, हेडमध्येही नको आणि उतरवलेल्या मॅनिफोल्डमध्येही नको. वाकड्या वाटेत कण अडकून बसतात, इंजिन चालू झालं की सुटतात आणि सिलिंडरची भिंत ओरखडतात. चांगलं इंजिन सफाईनेच ऑइल खायला लागलेलं पाहिलंय मी.


रस्ता_मोकळा

सगळं पटतं, पण मूळ दुखणं ईजीआर आहे ना? तिथे पत्रा लावून बंद केली की कार्बनच येणार नाही. इतकी खटपट कशाला?


जुना_मेस्त्री

काजळी थांबेल, ऑइल येतच राहील. आणि ईजीआर उगाच बसवलेली नाही. ती बंद केली की ज्वलनाचं तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते तुमच्यामागे चालणाऱ्याच्या फुप्फुसात जातात. बहुतेक ठिकाणी हे कायद्यातही बसत नाही. शिवाय नवीन गाड्या प्रवाह मोजतात, पत्रा लावला की कोड येतो आणि ताकद कापली जाते.


तेलकट_हात

मेस्त्रीकाकांशी पूर्ण सहमत. आणि इथूनच माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ऑइल कुठून येतंय?

मॅनिफोल्ड उतरवलेला असतानाच तपास करा, पुन्हा एवढं उघडं मिळणार नाही. एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत एकेक पाइप काढून आतून बोट फिरवा. सगळीकडे ऑइलचा पातळ थर असणं साहजिक आहे, ब्रीदर तिथेच जोडलेला असतो. पण टर्बोच्या आधीचा पाइप ब्रीदरच्या जोडापासून पुढे चिंब असेल तर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून येतंय. टर्बोच्या आधी कोरडं आणि टर्बोनंतर ओलं असेल तर टर्बोचा सील किंवा टर्बोची ऑइल परत आणणारी नळी बघा. इंटरकूलरच्या तळाशी ऑइल साठलं असेल तर ते आत्ताच ओतून काढा, रेस धरण्याचा धोका तिथेच असतो.

ब्रीदरमधून जास्त येत असेल तर घाई करून इंजिन खोलू नका. आधी ऑइल सेपरेटर तपासा. त्याची जाळी किंवा पडदा निकामी झाला की ऑइल वेगळं न होता सरळ निघतं. ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर आहे का बघा. डीपीएफ असलेल्या गाड्यांत रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढते. हे सगळं ठीक असूनही चालू इंजिनावर ऑइलच्या झाकणातून सतत जोराचे भपकारे येत असतील, तर रिंगा उतरल्या आहेत आणि कॉम्प्रेशनची तपासणी करायला हवी.

थराचा पोतही वाचता येतो. सुकी, भुसभुशीत काजळी जास्त म्हणजे ज्वलन बिघडलंय किंवा ईजीआर उघडी अडकली आहे, इंजेक्टर तपासा. चकचकीत, चिकट डांबर म्हणजे ऑइल जास्त. आणि कूलंट विनाकारण कमी होत असेल तर ईजीआर कूलर दाबावर तपासल्याशिवाय परत बसवू नका.


चढणीचा_गडी

कळवायला आलोय. तुम्ही सगळ्यांनी लिहिल्याप्रमाणे ओळखीच्या गॅरेजमध्ये शेजारी उभा राहून काम करून घेतलं. ईजीआरच्या तोंडाशी अंगठा जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. ऑइल सेपरेटरचा पडदा फाटलेला निघाला, तोही बदलला. गाडी सुरू झाली, आवाज गोड झाला. पण दुसऱ्या दिवशी चढावर पी०२९९ आला आणि जोर दिला की सूं असा आवाज येतोय. आता काय बिघडलं?


वर्कशॉपवाली

बिघडलेलं काही नाही, कुठेतरी हवा निसटतेय. सूं आवाज हीच खूण. इंटरकूलरच्या होजची क्लिप, थ्रॉटल बॉडीची ओ-रिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, या क्रमाने बघा. बंद इंजिनावर इनटेकमध्ये थोड्या दाबाने धूर सोडला की गळती लगेच दिसते. होजच्या आतल्या बाजूला ऑइल राहिलं असेल तर क्लिप आवळली तरी होज दाबाने सरकतो, म्हणून जोड पुसून कोरडा करूनच बसवायचा. पॅकिंग नवीनच वापरलं ना? बोल्ट टॉर्क पान्याने आवळले का? ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ८ मिमीच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन मीटर असतात, ६ मिमीच्यांना १० च्या आसपास. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. जास्त आवळाल तर आटे निघतील.

आणि ईजीआर झडप व थ्रॉटलचं ॲडाप्टेशन स्कॅनरने पुन्हा शिकवलं का? तुंबलेल्या काळात कंट्रोल युनिटने झडपेची जुनी 'बंद' जागा लक्षात ठेवलेली असते, ती पुसावी लागते.


चढणीचा_गडी

ताई, थ्रॉटलच्या आधीचा होजच होता. आतून तेलकट, क्लिप बरोबर पण होज अर्धा सरकलेला. पुसून बसवला, ॲडाप्टेशन केलं. चौथ्या गियरमध्ये चढ चढली. मापक सेन्सरचा आकडा पूर्ण ॲक्सिलरेटरला आधीपेक्षा चांगलाच वर आलाय.

आता पुन्हा किती किलोमीटरनी उघडायचं?


तेलकट_हात

फार बरं वाटलं वाचून.

किलोमीटरचा आकडा देणार नाही, तो गाडीपेक्षा वापरावर ठरतो. छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमधलं रांगणं, गाडी उभी ठेवून तासन्‌तास इंजिन चालू, यात ईजीआर सर्वांत जास्त उघडी असते आणि इंजिन गार असतं. तिथे थर झपाट्याने वाढतो. पूर्ण जोरात ईजीआर बंद होते, म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्या स्वच्छ राहतात. अधूनमधून इंजिन गरम झाल्यावर भाराखाली मोकळं चालवल्याने टर्बोची पाती आणि डीपीएफ मोकळे राहतात, मॅनिफोल्डमध्ये बसलेलं डांबर मात्र त्याने निघत नाही, ही अपेक्षा ठेवू नका.

कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल, वेळेवर बदल, पातळी वरच्या खुणेच्या जरा खालीच. आणि दर वेळी एअर फिल्टर बदलताना थ्रॉटलचा पाइप काढून टॉर्च मारा आणि त्याच जागेचा फोटो काढून ठेवा. दोन फोटो शेजारी ठेवले की थर किती वाढला ते दिसतं. दोन-तीन मिमीपर्यंत काळजी नाही. त्यापुढे वेगाने वाढत असेल तर आधी सेपरेटर पुन्हा बघा, मॅनिफोल्ड नंतर.